इंजिन बदल, पण गाडीच्या जातीचंच

अगं सोनू, कालच्या तुझ्या फोननंतर तेच डोक्यात घोळतंय. स्विफ्ट तेल पितेय, निळा धूर सोडतेय, म्हणून पिस्टनच्या रिंगाच गेल्या असं लगेच धरून चालू नकोस. टर्बो तेल सोडत असला तरी असाच धूर येतो. आधी कॉम्प्रेशन टेस्ट करून घे. चारही सिलिंडरांचे आकडे कागदावर लिहून माग.

इंजिन खरंच बसलं असेल, तर मेकॅनिकच्या 'एर्टिगाचं टाकू मॅडम, पिकअप बघा' याला भुलू नकोस. दोन्ही डिझेल इंजिनं १२४८ सीसीचीच, मूळ फियाटच्या मल्टिजेटची. पण तुझ्या २०१३च्या गाडीतलं ७५ अश्वशक्तीचं, एर्टिगातलं ९०चं. तिचा टर्बोच वेगळा. मग त्याच्यापाठोपाठ पाइप, वायरिंग, ईसीएम म्हणजे इंजिनचा कंट्रोलर, अशी रांग लागते, आणि वर चेक इंजिनचा दिवा जळतो तो जळतोच. त्यापेक्षा डिझायरचं किंवा रिट्झचं घे. तेच ७५चं, ठरल्या जागी बसतं.

मारुतीने एप्रिल २०२०पासून डिझेल गाड्याच बंद केल्या, त्यामुळे बंगळुरात शिवाजीनगरच्या गुजरीत, म्हणजे जुन्या सामानाच्या बाजारात, मिळतं ते मोडीत निघालेल्या गाडीचंच. चालू करून दाखवा म्हण, आणि तेही थंड असताना. दुकानदाराने आधीच तापवून ठेवलं असेल तर ते गार होईपर्यंत थांब, चहा पिऊन ये. चालू इंजिनचं तेलाचं झाकण उघडून बघ. फकफक धूर बाहेर यायला लागला तर सरळ पुढच्या दुकानात जा. झाकणाखाली दुधाळ साय दिसली तर तेलात पाणी गेलंय.

आणि बाळा, कागद! ब्लॉकवर कोरलेला नंबर खाडाखोड केलेला नको. बिलावर तोच नंबर हवा, ज्या गाडीतून काढलं तिच्या आरसीची प्रतही हवी. चोरीच्या गाडीचं निघालं तर पोलीस तुलाच विचारतील. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे इंजिन बदलायच्या आधी आरटीओची मंजुरी घ्यायची. तशीच अडचण येऊन आधी बदलावं लागलं, तर १४ दिवसांत कळवायचं. तू जयनगरची, तुझं आरटीओ तिथलंच. मूळ नोंदीपेक्षा गाडी वेगळी करता येत नाही, हे सुप्रीम कोर्टानेही जानेवारी २०१९मध्ये स्पष्ट केलंय. एर्टिगाला मी नाही म्हणते त्याचं हेही एक कारण. नवा नंबर आरसीवर चढला की विमा कंपनीला त्याच आठवड्यात कळव. नाहीतर उद्या अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, की क्लेम अडकला म्हणून समज.

एक मात्र मनापासून सांगते. २०२८मध्ये गाडीला १५ वर्षं होतील, मग फिटनेस करून पाच-पाच वर्षांचं नूतनीकरण. बॉडी खालून गंजली असेल तर हा खर्च करूच नकोस. शनिवारी गाडी लिफ्टवर चढवायला सांग, मी येते बघायला.

तुझी अक्का