दुखणं डिस्कचं, दोष लॅपटॉपला

चि. भाच्यास,


बारावीला चांगले गुण मिळवणाऱ्या मुलांना मध्य प्रदेश सरकार लॅपटॉपसाठी २५ हजार रुपये देतं. ताईने त्याच पैशांतून घेतलेला लॅपटॉप आता तुझ्याकडे आला आहे. तो सुरू व्हायलाच पाच मिनिटं लावतो म्हणून तू नवा मागतो आहेस. जरा थांब.

आधी दुखणं शोध. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबलं की टास्क मॅनेजर उघडतो. काही काम चालू नसतानाही डिस्क १०० टक्क्यांवर अडकलेली दिसली, तर प्रोसेसर बहुधा निर्दोष आहे. जुन्या लॅपटॉपमधली हार्ड डिस्क बहुधा मिनिटाला ५,४०० फेरे घेते आणि सलग वाचताना सेकंदाला साधारण १०० एमबी देते. पण विंडोज सुरू होताना हजारो छोट्या फायली इकडेतिकडे विखुरलेल्या असतात. त्या गोळा करायला डिस्कचं डोकं सारखं सरकत राहतं आणि वेग कोसळतो. म्हणून तिच्या जागी एसएसडी बसव; तिच्यात फिरणारं काहीच नसतं. साधी साटा एसएसडीही ५०० एमबीच्या आसपास जाते. लामता गावावरून जाणाऱ्या गोंदिया–जबलपूर मार्गाचे ७६२ मिलीमीटरचे रूळ १,६७६ मिलीमीटरचे झाले, तसाच हा बदल: गाव तेच, वाट मोठी.

रॅम त्यानंतर. चार जीबीवर ब्राउझरच्या दहा खिडक्या उघडल्या की यंत्र डिस्कवर भार टाकतं. आठ जीबी पुरेशी. मात्र डीडीआर३एल आणि डीडीआर४ एकमेकांच्या खाचेत बसत नाहीत, आणि काही पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डवरच डाख दिलेली असते. मॉडेल क्रमांक लिहून घेतल्याशिवाय काही विकत घेऊ नकोस.

आता पैशांआधीचा प्रश्न. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० लागतं, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारणपणे आठव्या पिढीचा किंवा पुढचा. तुझा त्याहून जुना निघाला, तरी यंत्र भंगारात जात नाही. विंडोजऐवजी लिनक्स मिंट आहे, आपल्या सीडॅकची बॉस आहे. अभ्यास, टायपिंग आणि ऑनलाइन अर्ज यांसाठी दोन्ही चालतात.

आपल्याकडच्या उन्हाळ्यात पंख्याच्या जाळीत बसलेली धुळीनेही यंत्र मंदावतं, कारण तापलेला प्रोसेसर स्वतःच वेग उतरवतो. जाळी साफ करून घे, थर्मल पेस्ट बदलून घे.

बॅटरी फुगली असेल तर मात्र लॅपटॉप लगेच बंद कर, चार्जर काढ आणि ती बदलेपर्यंत वापरू नकोस. मदरबोर्डच गेला असेल, तर एसएसडीवर रुपयाही घालणं चूक.

दुरुस्तीसाठी गोंदियाला जाण्याआधी ताईचे फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर उतरवून घे. काम समोर बसून करून घे आणि जुनी डिस्क परत मागून आण.

तुझा,
मामा