रस्त्यावरील कुत्री-मांजरे आणि स्वयंसेवकांचे कार्य

१८३२ साली मुंबईत ब्रिटिश अंमलदारांनी मोकाट कुत्री मारण्याची मोहीम चालविली, तेव्हा पारशी समाजातील लोकांनी तिला कडाडून विरोध केला आणि शहरात दंगल उसळली. या घटनेला आता दोन शतके होत आली. परंतु तिच्यातून पुढे आलेला प्रश्न अद्याप मिटलेला नाही. मुक्या प्राण्यांविषयीची करुणा आणि माणसांची, विशेषतः लहान मुलांची, सुरक्षितता यांचा मेळ कसा घालावयाचा, हा तो प्रश्न होय. या क्षेत्रात काम करू इच्छिणाऱ्याने दोन्ही बाजूंचे म्हणणे रास्त आहे हे प्रथम मान्य केले पाहिजे.

रोगाचे भय

रेबीज अथवा अलर्क रोगाची लक्षणे एकदा दिसू लागली की मृत्यू जवळजवळ अटळ असतो. माणसांना होणाऱ्या या रोगाचा संसर्ग बहुतांशी कुत्र्यांपासूनच होतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार या रोगाने जगात होणाऱ्या मृत्यूंपैकी सुमारे ३६ टक्के मृत्यू एकट्या भारतात होतात. मात्र वेळीच उपचार केल्यास हा रोग पूर्णपणे टाळता येतो. चावा किंवा ओरखडा लागताच जखम साबण व वाहत्या पाण्याने निदान १५ मिनिटे धुवावी आणि विलंब न लावता दवाखान्यात जाऊन लस टोचून घ्यावी. वस्तीतील प्रत्येक घरी ही माहिती पोहोचविणे हे स्वयंसेवकाचे पहिले काम आहे.

मारण्याचा उपाय का फसतो

कुत्र्यांची संख्या वस्तीत मिळणाऱ्या अन्नावर अवलंबून असते. एखाद्या गल्लीतील कुत्री नाहीशी केली, तरी उकिरडा आणि खरकटे तेथेच राहते. रिकाम्या झालेल्या जागेत शेजारची कुत्री शिरतात आणि मागे उरलेल्या माद्यांची पिल्ले अधिक संख्येने जगतात. कुत्रीचा गर्भकाळ सुमारे नऊ आठवड्यांचा असून ती वर्षातून दोनदा विऊ शकते. त्यामुळे झालेली घट थोड्याच काळात भरून निघते.

हे ओळखून मद्रास (आताचे चेन्नई) येथील ‘ब्लू क्रॉस ऑफ इंडिया’ या १९५९ साली स्थापन झालेल्या संस्थेने १९६४ मध्ये निर्बीजीकरणाचा पर्याय सुचविला. तेथील महानगरपालिकेने तो प्रत्यक्षात स्वीकारावयास १९९६ साल उजाडावे लागले. जयपूर येथे ‘हेल्प इन सफरिंग’ या संस्थेने १९९४ पासून असाच उपक्रम चालविला. २००२ पर्यंत तेथे सुमारे २५ हजार कुत्री पकडून त्यांपैकी बहुतेकांवर शस्त्रक्रिया करण्यात आली व त्यांना लस टोचण्यात आली. उपक्रमाच्या क्षेत्रातील सुमारे ६५ टक्के माद्यांचे निर्बीजीकरण झाले, कुत्र्यांची संख्या २८ टक्क्यांनी उतरली आणि त्या क्षेत्रात माणसांना रेबीज होण्याचे प्रमाण शून्यावर आले. गोव्यात २०१३ नंतर कुत्र्यांच्या सामूहिक लसीकरणावर भर देण्यात आला आणि २०२१ मध्ये ते राज्य रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर झाले.

कामाची पद्धत

प्रारंभी वस्तीतील कुत्र्यांची मोजणी करून प्रत्येकाचा रंग, खुणा, लिंग व नेहमीची जागा वहीत टिपावी. ज्याच्या हातून कुत्रे रोज खाते, त्याच्याजवळ ते निर्धास्तपणे येते. म्हणून कुत्री पकडणाऱ्या पथकास अशा माणसाचे साहाय्य बहुमोल ठरते. शस्त्रक्रिया पशुवैद्यानेच करावयाची असते. भुलीच्या अंमलात असतानाच कानाला छोटीशी खाच देतात, म्हणजे तेच जनावर पुन्हा पकडले जात नाही. जखम भरून आल्यावर कुत्र्यास जेथून आणले तेथेच सोडावे. अनोळखी भागात सोडलेल्या कुत्र्यावर तेथील कुत्री तुटून पडतात आणि त्याची मूळ जागाही नव्या कुत्र्यांना मोकळी होते. लसीकरणाचे प्रमाण ७० टक्क्यांपर्यंत नेऊन ते टिकवावे लागते. त्यासाठी दरवर्षी पुन्हा लस टोचणे अगत्याचे आहे.

मांजरांच्या बाबतीत तंत्र थोडे वेगळे आहे. मांजर फासात वा जाळ्यात सहजी सापडत नाही. खाद्य ठेवलेला पिंजरा लावून शांतपणे वाट पाहावी लागते. मांजरी चार-सहा महिन्यांच्या वयातच माजावर येऊ शकते, म्हणून येथे दिरंगाई परवडत नाही. मांजरालाही रेबीज होऊ शकतो. त्याचा ओरखडा क्षुल्लक मानू नये.

अन्न आणि शेजारधर्म

केवळ खाऊ घालणे आणि निर्बीजीकरणाकडे दुर्लक्ष करणे ही अर्धवट करुणा होय. तिच्यामुळे पिल्लांची संख्या वाढते व त्यांपैकी पुष्कळशी रोगाने किंवा वाहनाखाली सापडून मरतात. २००१ च्या नियमांची जागा घेणाऱ्या २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांत अन्न देण्याची जागा जिने, इमारतींची प्रवेशद्वारे आणि मुलांची खेळण्याची ठिकाणे यांपासून दूर असावी, असे सांगितले आहे. अन्न ठराविक वेळी द्यावे आणि उरलेले लगेच उचलावे. सर्वोच्च न्यायालयाने २२ ऑगस्ट २०२५ रोजी दिलेल्या आदेशात रेबीजग्रस्त व आक्रमक कुत्री वगळता इतरांना निर्बीजीकरण व लसीकरणानंतर मूळ जागी सोडण्यास अनुमती दिली, अन्नासाठी जागा नेमून देण्यास सांगितले. तर ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशाने शाळा, रुग्णालये, स्थानके अशा आवारांतील कुत्री हलविण्यास आणि तेथे पुन्हा न सोडण्यास सांगितले.

ज्या आईच्या मुलास कुत्रे चावले आहे, तिला प्राणिदयेवर व्याख्यान देऊन काहीही साधत नाही. तिला दवाखान्यात सोबत करणे, लसीच्या पुढील तारखा लक्षात ठेवणे आणि चावणाऱ्या कुत्र्यावर दहा दिवस लक्ष ठेवणे हे स्वयंसेवकाचे कर्तव्य आहे. असे वर्तन घडले, तर तीच आई पुढे कुत्र्यांची मोजणी करू देते, पिंजरा ठेवावयास अंगण देते. वस्तीचे सहकार्य मिळाल्यावाचून हे काम तडीस जाणे शक्य नाही.