कऱ्हा कोरडी, मग पात्र एवढं रुंद कसं?

प्रश्न : मोरगावला दर्शनाला गेलं की कऱ्हेचं पात्र दिसतं. बहुतेक वेळा त्यात पाणी नसतं, वेड्या बाभळी तेवढ्या माजलेल्या. सह्याद्रीकडून येणारी नदी कोरडी कशी? आणि पाणीच नाही, तर एवढं पात्र कोरलं कुणी?

उत्तर : ‘सह्याद्रीकडून येते म्हणजे पाणी भरपूर’ हा समज आधी बाजूला ठेवू. कऱ्हा पुरंदर तालुक्यात गराड्याजवळच्या डोंगरात उगम पावते. हा डोंगर घाटमाथ्यावरचा नाही, तर मुख्य रांगेतून पूर्वेकडे फुटलेल्या फाट्यावरचा आहे. समुद्रावरून आलेले ढग आपला बहुतेक भार घाटमाथ्यावरच उतरवतात. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, बारामतीला जेमतेम पाचशे. सासवड, जेजुरी, मोरगाव, बारामती हा कऱ्हेचा सगळा प्रवास या पर्जन्यछायेतच होतो. शेजारची नीरा भोरकडच्या घाटमाथ्याचं पाणी घेऊन येते, म्हणून तिची गोष्ट वेगळी. सोनगावजवळ कऱ्हा नीरेला मिळते.

पडलेला पाऊस तरी मुरून पुढे झिरपत राहावा, तर खाली काळा पाषाण. त्याच्या भेगांत आणि वरच्या मुरमात मावेल तेवढंच पाणी साठतं. पूर्वी हे पाणी दिवाळीनंतरही हळूहळू पात्रात उतरत असे. आता विहिरी आणि बोअर ते आधीच उपसतात. भूजलाची पातळी पात्राच्या खाली गेली की उलटंच घडतं : नदीतलं पाणी जमिनीत शिरू लागतं. वाळूत बराच काळ ओल टिकून राहायची, पण वाळूउपशाने तीही गेली.

‘धरणामुळे नदी आटली’ असंही सर्रास म्हटलं जातं. जेजुरीजवळचं नाझरे धरण पाणी अडवतं, त्यामुळे खालचा प्रवाह घटतो हे खरं. पण धरणाच्या वरच्या अंगालाही उन्हाळ्यात नदी वाहत नाही, तेव्हा सगळा दोष धरणावर टाकता येत नाही.

आता रुंदीचं कोडं. नदी आपलं पात्र रोजच्या पाण्याने घडवत नाही, पुराच्या पाण्याने घडवते. पर्जन्यछायेत पाऊस कमी असला तरी तो समान पडत नाही. परतीच्या पावसात एकाच रात्री महिन्याभराचं पाणी कोसळू शकतं. उघड्या, उताराच्या माळांवरून ते काही तासांत नदीत येतं. सप्टेंबर २०१९ मध्ये नेमकं असंच झालं. नाझऱ्यातून मोठा विसर्ग करावा लागला आणि बारामतीत नदीकाठच्या हजारो लोकांना हलवावं लागलं.

आणि ही नदी फार जुनी आहे. मोरगावजवळ तिच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर सापडला आहे. ही राख आपल्या सह्याद्रीची नाही. सह्याद्रीचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. अभ्यासकांच्या मते ती सुमात्रा बेटावरच्या टोबा ज्वालामुखीतून वाऱ्यासोबत आली. ती कोणत्या उद्रेकाची, यावर वाद आहे. पण सर्वांत अलीकडचा उद्रेक धरला तरी पाऊण लाख वर्षं होतात. एवढ्या काळातल्या पुरांनी ही रुंदी मोकळी करून घेतली आहे.

म्हणून एक विनंती. पात्र कोरडं दिसतं म्हणून त्यात भराव टाकू नका, काठ ढकलून घरं बांधू नका. ती जागा पुराची आहे.