आयटीतली पहिली नोकरी: चाळणीपासून जॉइनिंगपर्यंत

माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातली पहिली नोकरी साधारण तीन वाटांनी मिळते: कॉलेजमधल्या कॅम्पस मुलाखती, ऑफ-कॅम्पस भरती, आणि इंटर्नशिप किंवा अप्रेंटिसशिप करता करता कायम होणे. पालकांच्या बोलण्यात बहुधा पहिलीच वाट असते. ती हुकली की घरात सुतकी वातावरण पसरते. पण ज्या कॉलेजांत मोठ्या कंपन्या कधी फिरकत नाहीत, तिथली मुलेही हिंजवडी, खराडी, ऐरोली किंवा नागपूरच्या मिहानमध्ये कामाला आहेत. ती उरलेल्या दोन वाटांनी तिथे पोचलेली असतात.

फ्रेशरला मिळणारे काम म्हणजे फक्त प्रोग्रामिंग नव्हे. तयार सॉफ्टवेअर तपासणारे टेस्टर, ग्राहकाच्या चालू यंत्रणेतल्या अडचणी सोडवणारे सपोर्ट इंजिनिअर, नेटवर्क आणि क्लाउडवर नजर ठेवणारे, एक्सेल व एसक्यूएल वापरून अहवाल बनवणारे असे अनेक जण लागतात. सपोर्टच्या कामात रात्रपाळी असते, म्हणून पालक नाक मुरडतात. चालू यंत्रणा बिघडते कशी आणि दुरुस्त होते कशी, हे मात्र तिथे जितक्या लवकर कळते तितके दुसरीकडे क्वचित कळते. पुण्यात वाहनांसाठीच्या सॉफ्टवेअरचेही मोठे काम चालते. १९९० मध्ये पुण्यातच सुरू झालेली केपीआयटी याच क्षेत्रातली आहे. इलेक्ट्रॉनिक्स किंवा मेकॅनिकलच्या विद्यार्थ्याने एम्बेडेड सी नीट शिकले, तर आपली शाखा सोडून कॉम्प्युटरवाल्यांच्या रांगेत शेवटी उभे राहण्याची वेळ त्याच्यावर येत नाही.

कॅम्पसची पहिली चाळणी गुणांची असते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि पदवी या सगळ्यांत ६० टक्के, चालू बॅकलॉग नाही, शिक्षणात फार तर एक-दोन वर्षांचा खंड, अशा धर्तीच्या अटी अनेक मोठ्या कंपन्या घालतात. अट पूर्ण नसेल तर अर्ज पुढे सरकतच नाही, मग विद्यार्थी कितीही हुशार असो. म्हणून दुसऱ्या वर्षातली एक केटी काढून टाकणे हे एखाद्या नव्या कोर्सपेक्षा जास्त मोलाचे असते. दहावीचे गुण मात्र आता बदलता येत नाहीत. ते ६० टक्क्यांच्या खाली असतील, तर त्याबद्दल कुढत बसण्यापेक्षा गुणांची अट न घालणाऱ्या छोट्या आणि मध्यम कंपन्यांकडे सुरुवातीपासून लक्ष वळवावे.

दुसरी चाळणी परीक्षेची. टीसीएसची राष्ट्रीय पातळीवरची एनक्यूटी २०१८ पासून होते. इतर कंपन्यांच्या परीक्षाही साधारण त्याच वळणाच्या असतात: अंकगणित, तर्क, इंग्रजी आणि कोडिंग. नफा-तोटा, काळ-काम-वेग, शेकडेवारी ही गणिते सातवी-आठवीपासूनची ओळखीची असतात. अडचण येते ती वेळेची, आणि घड्याळ लावून केलेल्या सरावाशिवाय वेग येत नाही. कॅम्पसचा हंगाम बहुतेक ठिकाणी शेवटच्या वर्षाच्या सुरुवातीला, म्हणजे जुलै-ऑगस्टच्या सुमारास सुरू होतो. हा सराव त्यामुळे तिसऱ्या वर्षाच्या दिवाळीनंतर सुरू झालेला बरा. शेवटच्या वर्षाच्या परीक्षा आटोपून तयारीला बसणारा विद्यार्थी कॅम्पसचा हंगाम गमावून बसलेला असतो.

मुलाखत हा या प्रवासातला सगळ्यात निर्णायक टप्पा. बहुतेकांच्या बायोडेटावर तीच तीन-चार प्रोजेक्ट असतात: लायब्ररी मॅनेजमेंट, हॉस्पिटल मॅनेजमेंट, ऑनलाइन शॉपिंग. त्यांतली काही विकत आणलेली असतात, काही सीनिअरकडून आलेली. मुलाखत घेणाऱ्याने हे सगळे शेकडो वेळा पाहिलेले असते. तो फक्त एवढेच विचारतो, की यात तुझा वाटा कोणता? इथे गप्प होणारा उमेदवार बाकी कितीही तयारीने आला असला तरी त्याचा विषय तिथेच संपतो.

याउलट एक साधे उदाहरण घेता येईल. बाजार समित्यांमधली रोजची आवक आणि भाव केंद्र सरकारच्या ॲगमार्कनेटवर उपलब्ध असतात. नाशिक जिल्ह्यातल्या एखाद्या विद्यार्थिनीने लासलगावच्या कांद्याचे दोन-तीन वर्षांचे भाव उतरवून घेतले, डेटाबेसमध्ये भरले, आणि कोणत्या महिन्यात आवक वाढते, भाव किती उतरतो, याचे आलेख काढले, तर हे काम वरवर छोटे दिसते. पण ते करताना तिला कळते, की सुट्टीच्या किंवा लिलाव बंद असलेल्या दिवसांच्या नोंदीच नाहीत. एखाद्या ठिकाणी एकच नोंद दोनदा आलेली आहे, सरासरी काढताना आवक लक्षात घेतली नाही तर उत्तर चुकते. नोंदच नसलेल्या दिवशी भाव शून्य धरायचा की तो दिवस वगळायचा, हे तिला स्वतः ठरवावे लागते. मुलाखतीत याच निर्णयांबद्दल प्रश्न येतात, आणि त्यांची उत्तरे पाठ करावी लागत नाहीत, कारण ती तिने स्वतः शोधलेली असतात. तिचे वडील कांदा उत्पादक असतील तर आलेख बरोबर आला की नाही हे तपासून द्यायला घरातच जाणकार माणूस आहे. दूध संकलन केंद्राचा फॅटनुसार हिशेब, बचत गटाची कर्जवही, गावच्या एसटीचे वेळापत्रक यांतूनही असे प्रोजेक्ट उभे राहतात. काम गिटहबवर ठेवावे, कसे चालवायचे ते दोन परिच्छेदांत लिहावे, आणि सोप्या इंग्रजीत पाच मिनिटे मोठ्याने समजावून सांगण्याचा सराव करावा. मराठी माध्यमातल्या मुलांना इंग्रजीची जी धास्ती असते ती बहुतांशी इथेच उतरते, कारण स्वतः केलेल्या कामाबद्दल बोलायला मोजकेच शब्द लागतात.

आता एआयच्या साधनांकडून कोड मिनिटांत लिहून मिळतो. म्हणूनच मुलाखतीत नुसता कोड दाखवून भागत नाही. ही ओळ काढली तर काय होईल, माहिती दहापट वाढली तर हे कुठे अडेल, असे विचारले जाते. साधन जरूर वापरावे, पण जे समजावून सांगता येत नाही ते बायोडेटावर लिहू नये.

ऑफ-कॅम्पस भरतीत पोर्टलवर शेकडो अर्ज टाकण्यापेक्षा ओळखीतून पुढे गेलेल्या अर्जाला उत्तर येण्याची शक्यता बरीच जास्त असते. बऱ्याच कंपन्यांत कर्मचाऱ्याने सुचवलेल्या उमेदवाराची वेगळी नोंद होते. त्यासाठी वशिला लागत नाही. आपल्याच कॉलेजचा दोन-तीन वर्षे पुढचा विद्यार्थी लिंक्डइनवर शोधून, आपण काय केले आहे ते चार ओळींत लिहून पाठवणे पुरते. अप्रेंटिसशिपकडे मात्र उगीच दुर्लक्ष होते. १९६१ च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली पदवीधर आणि डिप्लोमाधारकांसाठी केंद्राची नॅट्स योजना चालते, तिच्या पोर्टलवर नोंदणी करता येते आणि शिकाऊ काळात विद्यावेतन मिळते. वर्षभराच्या कामाचे प्रमाणपत्र हाती असले की पुढच्या मुलाखतीत ‘अनुभव काय?’ या प्रश्नाला उत्तर असते.

इंजिनिअरिंगची पदवी नसलेल्यांसाठीही वेगळी दारे आहेत. विप्रोच्या विल्प योजनेत बीसीए, बीएस्सी झालेले विद्यार्थी नोकरी करता करता कंपनीच्या खर्चाने एम.टेक. करतात. त्याबदल्यात काही वर्षे कंपनीत राहण्याचा करार असतो. एचसीएलच्या टेकबीमध्ये गणित घेऊन बारावी झालेल्यांना प्रशिक्षण देऊन कामावर घेतले जाते. दोन्हीकडच्या अटी, आणि शुल्क असेल तर तेही, पालकांनी सहीपूर्वी स्वतः वाचावे.

पदवीनंतर ‘शंभर टक्के प्लेसमेंट’ची पाटी लावलेल्या क्लासमध्ये पैसे भरणे हा पालकांचा सगळ्यात महागडा निर्णय असतो, आणि तो बहुधा घाबरून घेतलेला असतो. त्याआधी फुकट किंवा स्वस्तात काय मिळते ते पाहावे. एनपीटेलचे अभ्यासक्रम शिकायला पैसे लागत नाहीत, शुल्क फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला आहे. आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियलचे बरेच पाठ मराठीतही आहेत. पैसे खर्च करायचेच असतील तर पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅकचा डीएसी हा सहा महिन्यांचा पदव्युत्तर डिप्लोमा विचारात घ्यावा. शुल्क एक लाखाच्या आसपास जाते आणि प्रवेश सी-कॅट परीक्षेतून होतो. रोजचे तास मोठे असतात, पण शेवटी कॅम्पस मुलाखती होतात आणि अभ्यासक्रमाला बाजारात मान आहे. खासगी क्लासच निवडायचा तर मागच्या बॅचमधल्या चार मुलांना, क्लासने नावे दिलेली नव्हेत तर स्वतः शोधून काढलेली, भेटून यावे.

काही क्लास दोन-तीन वर्षांचा खोटा अनुभव दाखवून देण्याचे आमिष दाखवतात. हा मार्ग कोणत्याही परिस्थितीत नाकारावा. भविष्य निर्वाह निधीच्या यूएएन क्रमांकावर आधीच्या प्रत्येक मालकाची नोंद असते आणि कंपन्या पार्श्वभूमी तपासतात. खोटेपणा रुजू झाल्यावर वर्षभरानेही उघड होतो, नोकरी त्याच दिवशी जाते आणि पुढे खरे सांगायलाही तोंड उरत नाही. तसेच ‘सिक्युरिटी डिपॉझिट’ किंवा लॅपटॉपसाठी पैसे मागणारे ऑफर लेटर हे फसवणुकीचेच असते. नामांकित कंपन्या नोकरी देण्यासाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत. पैसे गेले असतील तर तातडीने १९३० या हेल्पलाइनवर तक्रार करावी.

ऑफर लेटरमधला पॅकेजचा आकडा आणि हातात येणारा पगार यांत फरक असतो. मोठ्या सेवा कंपन्यांत फ्रेशरचे पॅकेज कित्येक वर्षे वार्षिक साडेतीन लाखांच्या आसपासच आहे. ३ लाख ६० हजारांचे महिन्याला ३० हजार होतात. त्यातून पीएफचे कंपनीचे आणि स्वतःचे असे दोन्ही हिस्से, ग्रॅच्युइटीची तरतूद, विमा आणि २०० रुपये व्यवसाय कर वजा होतो. महिलांना २५ हजारांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर माफ आहे. हातात साधारण चोवीस-पंचवीस हजार येतात. त्यातून पीजीचे भाडे आणि जेवण गेले की शिक्षणकर्जाचा हप्ता किती जमेल, हा हिशेब घरात आधीच मोकळेपणाने व्हावा.

बॉण्ड आहे म्हणून नोकरी नाकारायची गरज नाही, पण तो कागदी समजून सहीही करू नये. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका सार्वजनिक बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांच्या आत नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. रक्कम, मुदत आणि मुदत कोणत्या दिवसापासून मोजायची, हे तीन मुद्दे लेखी घ्यावेत. मूळ गुणपत्रिका ठेवून घेणाऱ्या कंपनीपासून मात्र लांबच राहावे.

ऑफर लेटर आले म्हणजे नोकरी लागली असेही नाही. २०२२ च्या सुमारास ऑफर मिळालेल्या अनेकांना रुजू होण्यासाठी दोन वर्षांपर्यंत थांबावे लागले. त्यामुळे जॉइनिंगची तारीख हाती येईपर्यंत दुसऱ्या मुलाखती देत राहण्यात गैर काही नाही. रुजू झाल्यावरही बऱ्याच ठिकाणी प्रशिक्षण आणि त्यातल्या परीक्षा असतात, त्यांत नापास झालेल्यांना घरी पाठवले जाते. या प्रशिक्षणात जावा किंवा पायथन आणि एसक्यूएल झपाट्याने उरकले जाते. मधले महिने त्यांच्याच सरावात घालवलेल्या उमेदवाराला तो वेग झेपतो.