गिअरबॉक्सचे दाते का तुटतात?

मोटारींच्या गप्पा निघाल्या की पहिला प्रश्न असतो, अश्वशक्ती किती? इंजिनात फेरफार करून गाडी वेगवान करणारेही तोच आकडा अभिमानाने सांगतात. गिअरबॉक्सला मात्र त्या आकड्याशी फारसे देणेघेणे नसते. त्याच्या दात्यांवर ताण येतो तो टॉर्कचा, म्हणजे इंजिन दांड्याला किती जोराने पिळते त्याचा.

हिशेब करून पाहू. शक्ती म्हणजे टॉर्क गुणिले फिरण्याचा वेग. 200 किलोवॅट शक्ती मिनिटाला 8000 फेऱ्यांवर मिळत असेल, तर टॉर्क सुमारे 240 न्यूटन-मीटर येतो. तीच शक्ती 4000 फेऱ्यांवर काढली तर सुमारे 480. शक्ती तेवढीच, दात्यांवरचा भार दुप्पट! टर्बोचार्जर बसवून कमी फेऱ्यांतच ओढ वाढवली की गिअरबॉक्स आधी हात टेकतो, तो यामुळे.

400 न्यूटन-मीटर टॉर्क 4 सेंटीमीटर त्रिज्येच्या दंतचक्रावर आला, तर दात्यांवरचे बल 10,000 न्यूटन होते. हे जवळजवळ एक टन वजन झाले, आणि ते पेलायला एका वेळी मोजकेच दाते असतात. म्हणून पोलादाच्या पृष्ठभागात कार्बन मुरवून तो कठीण करतात व गाभा चिवट ठेवतात. सबंध दाता कठीण केला तर तो काचेसारखा तडकेल. शिवाय जोडीची चक्रे एकमेकांना दूर लोटतात. बाहेरचे कवच कमजोर असले तर दांडे किंचित फाकतात, दाते टोकाशीच टेकतात आणि मुळाशी लवकर तुटतात.

जपानच्या टोयोटा सुप्रा या गाडीची 1993 ची आवृत्ती याचे चांगले उदाहरण आहे. टर्बो नसलेल्या सुप्राला डब्ल्यू-58 हा पाच गिअरचा, तर टर्बो सुप्राला जर्मनीच्या गेट्राग कंपनीचा व्ही-160 हा सहा गिअरचा गिअरबॉक्स होता. इंजिनाची ताकद दुपटीपेक्षा वाढवणाऱ्यांनीही व्ही-160 वर भरवसा ठेवला. साध्या सुप्राला मागाहून टर्बो लावणाऱ्यांना मात्र डब्ल्यू-58 हाच कच्चा दुवा ठरला.

चालकाचा पायही कमी दोषी नाही. क्लच झटक्यात सोडला की फ्लायव्हीलमध्ये साठलेली ऊर्जा एकदम दात्यांवर येते. चाक घसरले तर झटका तिथेच विरतो. शर्यतीचे घट्ट पकडीचे टायर असले तर तो दात्यांनाच सोसावा लागतो. (पालकांनी लक्षात ठेवावे, आपल्याकडे नोंदणीतील तपशिलाशी विसंगत ठरणाऱ्या फेरफारांना मोटार वाहन कायदा 1988 च्या कलम 52 ची आडकाठी आहे.)

गृहपाठ: सायकलच्या पेडलच्या दांड्याची लांबी आणि पुढच्या दंतचक्राची त्रिज्या मोजा. आपले सर्व वजन आडव्या पेडलवर टाकल्यास साखळीवर किती बल येईल? उत्तर विज्ञानाच्या शिक्षकांकडे द्यावे.