परदेशात मोबाइलवरून पैसे देणे : चीनचे उदाहरण

पूर्वी परदेशी जाणारा मनुष्य प्रवासी धनादेश आणि त्या देशाच्या काही नोटा एवढी तयारी करून निघत असे. नोट हाती असली, की ती बाळगणाऱ्याचे नावगाव कोणी विचारीत नसे. मोबाइलवरील व्यवहारात मात्र पैशाआधी माणसाची ओळख पटावी लागते. प्रवाशाची अडचण नेमकी येथेच उद्भवते.

चीनचे उदाहरण या बाबतीत उद्बोधक आहे. तेथील ‘अलीपे’ ही सेवा 2004 साली निघाली, ती इंटरनेटवरील बाजारात अनोळखी विक्रेता व ग्राहक यांच्यातील अविश्वास दूर करण्यासाठी. ग्राहकाची रक्कम ती मध्यस्थ म्हणून स्वतःकडे ठेवी आणि माल पोहोचल्यावरच विक्रेत्याला देई. 2013 मध्ये ‘वीचॅट पे’ तिच्या जोडीला आले. पुढे क्यूआर कोडचा कागद भाजीवाल्याच्या गाड्यापर्यंत पोहोचला. विक्रेत्याला कोणतेही यंत्र विकत घ्यावे लागत नाही, हे या प्रसाराचे एक मोठे कारण होय. (आपल्याकडे 2016 नंतर यूपीआयच्या बाबतीत हेच घडले.)

परंतु या सेवांच्या मुळाशी चिनी बँकेतील खाते असे. चार दिवसांच्या पाहुण्याला ते उघडणे अवघड. त्यामुळे खिशात पैसे असूनही चहाच्या दुकानापुढे तो निर्धन ठरे. नोटा नाकारणे तेथे नियमबाह्य आहे खरे. तथापि ज्याच्याजवळ सुटे पैसेच नाहीत अशा दुकानदाराशी नियमावर बोट ठेवून वाद घालण्यात काय अर्थ? 2019 मध्ये अलीपेने परदेशी पाहुण्यांसाठी आगाऊ रक्कम भरून वापरावयाची सोय काढली. जुलै 2023 पासून दोन्ही सेवांना परदेशी व्हिसा व मास्टरकार्ड जोडणे सुलभ झाले, आणि 2024 मध्ये एका व्यवहाराची मर्यादा 1,000 वरून 5,000 अमेरिकी डॉलरवर नेण्यात आली.

भारतीय प्रवाशाने ही जोडणी घरीच करावी. रिझर्व्ह बँकेच्या 2020 च्या नियमानुसार नवे कार्ड केवळ देशांतर्गत वापरासाठी सुरू असते. परदेशातील वापर धारकाने स्वतः सुरू करावयाचा असतो. पडताळणीचा सांकेतिक अंक भारतीय क्रमांकावरच येतो, म्हणून ते सिमकार्ड परदेशात चालेल याचीही खात्री करून घ्यावी. ॲपमधील नाव पारपत्रावरील नावाशी अक्षरशः जुळले पाहिजे.

आणखी एक गोष्ट सहसा ध्यानात येत नाही. परदेशी कार्डावरून दुकानाला पैसे देता येतात, व्यक्तीला सामान्यतः पाठविता येत नाहीत. एखाद्या फेरीवाल्याने लावलेला कोड त्याच्या खासगी खात्याचा असू शकतो. वरून पाहता दोहोंत फरक दिसत नाही, आणि व्यवहार अडला म्हणजेच तो कळतो. अशा वेळी, किंवा मोबाइलची बॅटरी संपली तर, नोटाच उपयोगी पडतात. चीनमधील सर्वांत मोठी नोट 100 युआनची असते. तिची मोड मिळणे कठीण, म्हणून 5, 10 व 20 युआनच्या नोटा विमानतळावरील बँकेतूनच मागून घ्याव्यात.