अन्नाची साठवण : अमानतीची जपणूक

सूरह यूसुफच्या 47 व्या आयतीत हजरत यूसुफ (अ.) यांनी दुष्काळाआधी दिलेला सल्ला आला आहे : कापलेले पीक कणसातच ठेवावे, खाण्यापुरते थोडे काढावे. अन्न मिळवण्याइतकेच ते टिकवणेही आवश्यक आहे, हा त्यातील बोध. प्रेषित मुहम्मद (स.) यांनीही रात्री भांडी झाकून ठेवण्याची ताकीद दिली आहे.

आपल्या घरात ही शिकवण अशी आचरणात आणा. गहू उन्हात वाळवून पूर्ण थंड झाल्यावरच कोठीत भरा. गरम धान्याला आत घाम सुटतो आणि बुरशी धरते. कांदे-बटाटे वेगवेगळ्या टोपल्यांत, हवेशीर जागी ठेवा. शिजलेला भात दोन तासांच्या आत फ्रीजमध्ये ठेवा. कुर्बानीचे मांस एका वेळेपुरत्या पिशव्यांत गोठवा. जुना जिन्नस आधी वापरा.

मात्र साठवण म्हणजे साठेबाजी नव्हे. गरजेपेक्षा अधिक असेल ते नासण्यापूर्वीच शेजाऱ्याच्या घरी पोहोचवा. वाचलेल्या पैशातून सदका द्या. सूरह तकासुरच्या अखेरीस सांगितल्याप्रमाणे प्रत्येक देणगीबद्दल आपल्याला विचारणा होणार आहे. टोपल्यात नासलेल्या भाकरीबद्दलही.